मनोऱ्यावरची चादर

मुनीर, आधी ती बातमी सांगून टाकतो. म्हणजे तुला ज्या शिव्या द्यायच्यात त्या देऊन होतील आणि मग मला जरा निवांत बोलता येईल. शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीच्या तुझ्या मनोऱ्यावर हिरवी चादर चढली आहे. पायथ्याशी उदबत्त्या लागतात, गुरुवारी दिवा लागतो, आणि कुणीतरी विटांना कुंकवाची बोटंही ओढली आहेत. लोक म्हणतात, खाली कुणी बुजुर्ग झोपलेले आहेत आणि त्यांनीच तुला आपल्याकडं बोलावून घेतलं. हस खुशाल. मला मात्र हसू येत नाही.

तुला जाऊन अजून चाळीस दिवस झाले नाहीत, चाळिसावा व्हायचा आहे. दुकान बंदच आहे. परवा कचेरी सुटल्यावर सवयीनं तुझ्या गल्लीत वळलो, दुकानाच्या फळ्यांना कुलूप दिसलं, आणि माझं डोकं फिरलं की हा बाबा पुन्हा गिऱ्हाईक वाऱ्यावर सोडून नहरीवर गेला. दोन पावलं पुढं गेल्यावर आठवलं. तिथंच शेजारच्या अत्तरवाल्याच्या पायरीवर बसलो. त्यानं पाण्याचा लोटा पुढं केला. मी तो तसाच हातात धरून बसलो होतो.

तुझं आणि त्या मनोऱ्याचं काय गूळपीठ होतं ते मला कधी नीट कळलं नाही. चांगला चालता धंदा, बापानं जमवलेली गिऱ्हाइकं, हिमरूच्या शाली घ्यायला थेट हैदराबादहून माणसं येत होती. आणि तू? एका उन्हाळ्यात बेगमपुऱ्यातला तुमच्या घरचा हौद आटला, पाणी कुठं अडलं ते बघायला म्हणून तू बाहेर पडलास, आणि संध्याकाळी परत आलास ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. दारातच मला म्हणालास, "दत्तू, आपुन पानी पितो ते कुठून येतं, ठाव हाय का तुला?" मी म्हणालो, हौदातून. तू माझ्याकडं असं बघितलंस की जणू मी तुझ्या पेशाची थट्टा केली.

दुसऱ्या दिवशी मला ओढत घेऊन गेलास. खरं सांगतो, त्या वाटेनं मी शंभरदा गेलो असेन, पण तो मनोरा कधी बघितला नव्हता. बघण्यासारखं होतंच काय? दीड पुरुष उंचीचा, विटा-चुन्याचा, एका अंगानं काळा पडलेला, डोक्यावर पिंपळाचं रोप. पायथ्याशी दगडी कुंडी, तिच्यात बोटभर धार. आसपास परटांची वस्ती, तिथल्या बायका त्या कुंडीत घागरी भरायच्या. तू मला मनोऱ्याला कान लावायला लावलास. आत पाणी वर चढत होतं, हवा सोडून पुन्हा खाली उतरत होतं, खापराच्या नळातून तुमच्या मोहल्ल्याकडं निघालं होतं. डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीपासून इथवर, कुणी न ओढता, कुणी न ढकलता. मी म्हणालो, "बरं मग?" तू म्हणालास, "बरं मग काय? हे तीनशे वर्सं करतंय आन् तुला बरं मग वाटतंय?" तीनशे हा आकडा तू कुठून आणलास देव जाणे. तुझे आकडे तुझ्या शिव्यांसारखेच असायचे, तोंडाला येतील तसे.

मग नवी वसाहत आली. अंमलदारांसाठी बंगले, सरळ रस्ते, दुतर्फा झाडं. आमच्या कचेरीच्या आवारात त्याचीच चर्चा. अर्जनवीस म्हणून माझं कामही वाढलं, ज्याला त्याला प्लॉटासाठी अर्ज लिहून हवा. मला ती वसाहत वाईट वाटत नव्हती, हे तुला मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आताही सांगतो. कोटाच्या आत माणसं एकमेकांच्या उरावर राहत होती, हवा नाही, उजेड नाही. पण नकाशावरचा एक रस्ता बरोब्बर तुझ्या मनोऱ्यावरून गेला होता. काम बघणारे मोहतमीमसाहेब हैदराबादहून आलेले, सभ्य माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी तुला सांगितलं की चालू नहरीला हात लावायचा नाही असा हुकूम आहे, पण हा फाटा मेलेला आहे. कुंडीत येतं ते जवळपासचं पाझरपाणी. मनोरा पाडला तर कुणाचं काही बिघडत नाही.

तू म्हणालास, "साहेब, मी दाखवतो."

काय थाट केला होतास त्या दिवशी! शेरवानी, रूमी टोपी, साहेबांसाठी घरून खुर्ची, खुर्चीवर तुझ्याच दुकानातली शाल. तुझी तजवीज सोपी होती, नहरीची देखभाल करणारे नहरीवाले करतात तशीच. फाट्याच्या वरच्या अंगाला साफसफाईसाठी ठेवलेल्या भोकाशी एक माणूस बसवलेला, त्यानं ज्वारीचा कोंडा पाण्यात सोडायचा, आणि तो कोंडा इथं कुंडीत उतरला की फाटा जिवंत असल्याचं सिद्ध. लांबून तुझ्या माणसानं पागोटं हलवलं, म्हणजे कोंडा पडला. आम्ही सगळे कुंडीत डोळे घालून बसलो. नितळ पाणी. साहेबांनी घड्याळ बघितलं. नितळ पाणी. तू कुंडीभोवती येरझारा घालायला लागलास, मनोऱ्याला थापा मारायला लागलास, एकदा तर त्याच्या कानात काहीतरी पुटपुटलास. तरी नितळ पाणी. साहेब उठले, मोठ्या अदबीनं शालीची घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, "आपण फार मेहनत घेतलीत." घोडागाडी निघून गेली.

आणि मग गोदाबाई परटीण पुढं आली.

"भाऊ, कोंडा यायचा व्हता का?" ती म्हणाली. "मला कुनी सांगितलंच नाय. साहेब येनार म्हनून मी कुंडी घासली. अन् पान्यात काडीकचरा दिसाया नगं म्हनून आतल्या नळाच्या तोंडाला फडकं बांधलं."

आपण दोघांनी हात घालून ते फडकं ओढून काढलं. लुगड्याचं जुनेर, घरोघरी घागरीच्या तोंडाला बांधतात तसं दोन पदरी बांधलेलं, आणि आतून कोंड्यानं टम्म फुगलेलं. पाहुण्याला गाळलेलं पाणी द्यावं एवढंच त्या बाईच्या मनात होतं. मला वाटलं तू आता तिला खाऊन टाकणार. तू तिथंच मातीत बसलास, शेरवानीसकट, आणि हसायला लागलास. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. "गोदाबाई, तू तर नहरीपेक्षा पक्की निघाली!" असं म्हणत उठलास आणि ते गळकं बोचकं दोन्ही हातांत धरून घोडागाडीच्या मागं पळालास. साहेब छावणीच्या वळणावर सापडले. त्यांनी बोचक्याकडं बघितलं आणि तेवढ्याच अदबीनं म्हणाले की फडक्यात कोंडा कुणीही भरू शकतो.

तुझी आठवण काढायला बसलो की मला तो पळणारा मुनीरच दिसतो, टोपी तिरकी झालेली, अंगावर पाणी ठिबकणारं. सगळ्या शहरानं बघितलं तुला तसं. लोक हसले. मीही हसलो. पण त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता की घरी जाऊन नीट जेवलो नाही. हे तुला सांगायचं राहिलं.

आठवड्याभरात गुत्तेदाराच्या माणसांनी चुन्याच्या रेघा मारल्या. एक रेघ मनोऱ्याच्या अंगावरूनच चढून पलीकडं उतरली. आणि आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं.

मी काय वाईट सांगत होतो? कचेरीच्या पायरीवर आयुष्य गेलंय माझं. सरकार कशाला भितं आणि कशाला भीत नाही, हे मला कळतं. मी म्हणालो, "मुनीर, साधी गोष्ट आहे. एक हिरवी चादर आण. दोन उदबत्त्या लाव. कुणाला काही सांगूही नको. गुत्तेदाराचा एक मजूर पहार उचलणार नाही."

"नक्को."

"अरे, कुणाचं नुकसान आहे का त्यात?"

"नक्को बोला ना मैं. तिथं कोन झोपलंय? नाव सांग. बाप कोन त्याचा? गाव कुठलं?"

"नाव कोण विचारतो?"

"मी इचारतो. दत्तू, चालत्या-फिरत्या मानसावर चादर घालत्यात का रे? ते कामावर हाय. कामावरच्या मानसाला मुडदा करून वाचवायचं, ही कुठली दोस्ती?"

मी तुला हट्टी म्हणालो. तू मला अर्जनवीस म्हणालास, आणि ते असं काही म्हणालास की ती शिवी वाटावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वाद, तिसऱ्या दिवशीही. तुझ्या घरी भाभी चहा ठेवून जायची आणि जाताना म्हणायची, "दोघांचं झालं की कप आत आणून ठेवा." तिनं तुझी बाजू घेतली नाही, माझीही नाही. तिला एवढंच दिसत होतं की तू घरात असलास तरी घरात नसतोस.

तुला साहेबांना दुसऱ्यांदा बोलवायचं होतं. या वेळी बोटभर धार नको, कुंडी उतू जाईल असं पाणी दाखवायचं, म्हणजे पाझर म्हणायची कुणाची छाती होणार नाही. त्यासाठी फाट्यात अडकलेला गाळ आणि मनोऱ्याजवळच्या वडाची मुळं काढायला हवी होती. माणसं लावायची तर नहरीवाल्यांनी हुकमाशिवाय हात लावायला नकार दिला. मग तू स्वतःच उतरलास. हिवाळ्याचे दिवस, आत गार पाणी, धड उभं राहता येत नाही अशी जागा. मी वर भोकाशी उकिडवा बसून तुझ्यावर ओरडत होतो आणि तू आतून मुळांचे झुबके वर फेकत होतास. "घे, तुझ्या अर्जाला जोड!" असं म्हणून एक झुबका माझ्या धोतरावर टाकलास. रोज असं. खोकला लागला तरी रोज. मला भीती वाटत होती, मुनीर. मी ती रागात घालून बोललो, कारण आपल्या दोघांत तीच भाषा चालायची.

छातीत भरलं तेव्हा हकीमसाहेबही आले, छावणीतले डॉक्टरही आले. शेवटी मी भेटलो तेव्हा तू बोलण्याइतपत होतास. मी ठरवून गेलो होतो की नहरीचा विषय काढायचा नाही. तूच काढलास. म्हणालास, "वडाच्या खाली अजून एक मूळ हाय. मोठं. हाताला लागलं व्हतं." मी म्हणालो, बघतो. तू म्हणालास, "चादर नक्को." मी तुझं पांघरूण नीट केलं. बस, एवढंच आपलं शेवटचं बोलणं. तुला खांदा देताना माझ्या डोक्यात सारखं एकच घुमत होतं: एका हिरव्या कापडात हा माणूस वाचला असता. मला तुझा इतका राग आला होता की रडू आलं नाही. ते नंतर आलं, अत्तरवाल्याच्या पायरीवर.

चादर गोदाबाईनं घातली. मी नाही. तुझी शपथ.

तिच्या मनात घर करून बसलं होतं की तिच्या फडक्यानं तुझा जीव घेतला. मी तिला समजावायला गेलो तर म्हणाली, "फडकं नसतं तर साहेबानं तवाच बघितलं असतं. भाऊ आत उतरलाच नसता." हिशेब तिचा चुकत नव्हता. पहार घेऊन माणसं आली त्या सकाळी मनोऱ्यावर चादर होती, आणि वस्तीतल्या साऱ्या बाया भोवती बसल्या होत्या. मजुरांनी पहारी खाली ठेवल्या. मी सांगितलं होतं तसंच सगळं घडलं. मुनीर, मला त्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही.

मोहतमीमसाहेबांनी मला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, तुझ्याबद्दल दोन चांगले शब्द बोलले, आणि ते मनापासून बोलले. मग म्हणाले की त्यांना मजहबी भानगड नको आहे, रस्ता थोडा वाकवता येईल. पण बायाबापड्यांच्या सांगण्यावर नाही, शहाण्या माणसाचा शब्द हवा. "तुम्ही त्यांचे दोस्त. तुम्ही सांगा. खाली कुणी आहे?"

मी एक दिवस मागून घेतला आणि भाभीकडं गेलो. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "भाईजान, ते असते तर काय म्हणाले असते ते तुम्हाला ठाऊक आहे. ते नाहीत, हेही तुम्हाला ठाऊक आहे. मला का विचारता?" आणि चहा ठेवायला आत गेली. एकच कप घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हणालो, "आहे."

ऐकलंस ना? मी म्हणालो आहे. तुझा मनोरा उभा राहावा म्हणून म्हणालो. तू गेलास, निदान ज्याच्यासाठी गेलास ते तरी राहू दे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. साहेबांनी सुस्कारा सोडला, नकाशावर रस्ता वाकवला. आणि वर म्हणाले, "मग अदब राखली पाहिजे. मजार तर मजार, पाणवठा तर पाणवठा. दोन्ही एकदम नाही." कुंडीत घागर बुडवायची नाही, भोवती कठडा होईल, लक्ष ठेवायला गुत्तेदाराचा मुकादम. घागर बुडलेली दिसली तर ती मजार नव्हे, मेलेली नहर, आणि मनोरा उतरवायचा. एवढं सगळं ते इतक्या गोड आवाजात बोलले की उठताना मी त्यांचे आभार मानले.

तेव्हापासून वस्तीतल्या बायका ओढ्यापलीकडच्या विहिरीवर जातात. पाणी त्यांच्या दारात वाहतंय, आणि त्या डोक्यावर घागरी घेऊन अर्धा कोस चालतात. कुंडीवर शेवाळ धरायला लागलंय. मनोरा उभा आहे, मुनीर, चांगला ठणठणीत उभा आहे. मला त्याच्याकडं बघवत नाही.

आज सकाळी गेलो होतो. मुकादम वडाखाली तंबाखू मळत बसला होता. गोदाबाई विहिरीवरून येत होती, मी तिला थांबवलं. म्हणालो, "बाई, तुला एक सांगायचं आहे. तिथं खाली कुणी नाही."

तिनं घागरी उतरवल्या, पदरानं तोंड पुसलं. "मला ठाव नसंल व्हय? माझी सासू त्या कुंडीवर म्हातारी झाली. साहेबाला भेव वाटावं म्हनून घातली चादर."

"मग पाणी का भरत नाहीस?"

"मी भरलं तर माझं खोपटं उचलतील. कठडा घालायचा म्हनून आधीच टेप लावून गेल्यात." ती मुकादमाकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "आन् पयली घागर कुनी बुडवायची? समद्या एकमेकीच्या तोंडाकडं बघत्यात. तुमी साहेबाला सांगितलं ना, खाली कुनी हाय म्हनून? मग तुमीच बुडवा."

तिनं एक घागर माझ्या पायाशी ओतून रिकामी केली आणि माझ्या हातात दिली. विहिरीवरून एवढ्या लांब आणलेलं पाणी मातीत गेलं. वस्तीतल्या बायका एकेक करून दारात येऊन उभ्या राहिल्या. मुकादमाचा मळता हात थांबला.

मी काय विचार केला ते विचारू नकोस, कारण केलाच नाही. केला असता तर मी घरी निघून आलो असतो. बुडवली तर मनोरा जाईल. नाही बुडवली तर तू ज्यासाठी त्या भोकात उतरलास ते आजच गेलेलं आहे, वर नुसत्या विटा उरल्या आहेत. चादरीचं टोक कुंडीत लोंबत होतं, ते मी उचलून वर सारलं. शेवाळ हातानं बाजूला केलं. घागर बुडवली. आत बुडबुडे आले, ती जड झाली, आणि मला ती उचलताना कमरेत कळ आली, कारण आयुष्यात मी कधी पाणी भरलेलं नाही.

मुकादम उठला. टोपी सावरत शहराच्या दिशेनं चालायला लागला. संध्याकाळपर्यंत साहेबांचं बोलावणं येईल आणि मला तोंड उघडावं लागेल, आणि या वेळी तू शेजारी कोंड्याचं बोचकं घेऊन उभा नसशील. मी गोदाबाईकडं बघितलं, वाटलं ती काहीतरी धीराचं बोलेल.

तिनं दुसरी घागर ओतून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "ही बी भरा."